दीप, विस्तव आणि स्पर्श : ज्योतीच्या ग्रीक व मराठी अर्थाचा तौलनिक विचार

१

ज्योतीच्या प्रतीकाची चर्चा निघाली की एक सुटसुटीत सूत्र पुढे येते. ग्रीकांची ज्योत बंडाची, आपली ज्योत उपासनेची. त्यांच्याकडे ती स्वर्गातून चोरून आणलेली, आपल्याकडे ती देव्हाऱ्यात जपलेली. हे सूत्र वर्गात ऐकावयास मिळते, उत्तरपत्रिकांत उतरते आणि तेथून पुष्कळदा प्रबंधातही जाऊन बसते. त्याची मोहिनी समजण्यासारखी आहे. एका बाजूस प्रॉमीथ्यूस व दुसऱ्या बाजूस समई अशी दोन चित्रे उभी केली की दोन संस्कृतींचा भेद जणू एका दृष्टिक्षेपात दिसतो. परंतु एका दृष्टिक्षेपात दिसणारा भेद हा बहुधा पाहणाऱ्याने आधीच ठरविलेला असतो. प्रस्तुत सूत्र दोन गोष्टींवर उभे आहे : एक, ज्योतवाचक नामांची व्युत्पत्ती; दुसरी, अग्नीच्या उत्पत्तीची कथा. या दोहोंचा आधार कितपत भक्कम आहे हे प्रथम तपासले पाहिजे. आणि तो अपुरा ठरल्यास प्रतीकाचा अर्थ शोधावयाचा कोठे, हा प्रश्न त्यानंतरचा.

२

नामांपासून आरंभ करू गेल्यास वरील सूत्राला काहीसा पाठिंबा मिळतो असे वाटते. ग्रीक भाषेत ज्योतीला ‘फ्लॉक्स’ म्हणतात. हा शब्द ‘फ्लेगेइन’ म्हणजे जळणे, जाळणे या क्रियापदाच्या कुळातला आहे. लॅटिन ‘फुल्गेरे’ आणि संस्कृत ‘भ्राज्’, ‘भर्ग’ ही त्याचीच नात्यातली रूपे मानली जातात. उलट मराठी ‘ज्योत’ ही संस्कृत ‘ज्योतिस्’ पासून आलेली. आणि ज्योतिस् म्हणजे मुळात प्रकाश, आकाशस्थ तेज. ज्योतिष आणि ज्योतिर्लिंग या शब्दांत तो जुना अर्थ शाबूत आहे. म्हणजे ग्रीक ज्योत जळण्यातून जन्मली व मराठी ज्योत प्रकाशण्यातून जन्मली, असे म्हणावयास जागा आहे.

परंतु एवढ्यावर निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. जळण्याच्या अंगाने पाहिलेली ज्योत मराठीतही आहेच. तिला ‘ज्वाळा’ म्हणतात, आणि त्याच ‘ज्वाला’पासून ‘जाळ’ आला आहे. उलट ग्रीकांच्या घरातला दिवा ‘लुख्नॉस’ हा प्रकाशवाचक धातूपासूनच निघाला आहे. संस्कृत ‘रुच्’ हा त्याचा आप्त होय. सारांश, जळणे व प्रकाशणे ही दोन्ही अंगे दोन्ही भाषांना ठाऊक आहेत. भेद आहे तो इतकाच की दिव्याच्या वातीवर उभ्या असलेल्या त्या लहानशा शिखेला नाव देताना ग्रीकाने एक अंग उचलले व मराठीने दुसरे. हा भेद खरा आहे. पण तो नामकरणाचा भेद आहे, जीवनदृष्टीचा नव्हे.

व्युत्पत्ती अर्थाची किती अल्प हमी देते याचे बोलके उदाहरण त्याच ग्रीक कुळात सापडते. ‘फ्लेग्मा’ हा शब्द होमरच्या इलियडमध्ये एकवीसाव्या सर्गात जाळ या अर्थाने येतो. पुढे वैद्यकात तो दाहाचा वाचक झाला. आणि अखेरीस शरीरातील थंड व ओलसर अशा कफाचे नाव होऊन बसला. जाळाचा वाचक शब्द शीत द्रव्याचा वाचक व्हावा, यात भाषेच्या दृष्टीने अद्भुत काही नाही. परंतु मूळ धातूवरून प्रतीकाचा अर्थ सांगणाऱ्या समीक्षकाने हे उदाहरण दृष्टीआड होऊ देऊ नये.

लिंगभेदाच्या आधारे काढलेल्या अनुमानाचीही हीच गत आहे. भारत-युरोपीय भाषांत अग्नीला दोन नावे आहेत. संस्कृत ‘अग्नि’ व लॅटिन ‘इग्निस’ ही पुल्लिंगी, तर ग्रीक ‘प्यूर’ व हित्ती ‘पह्हुर’ ही नपुंसकलिंगी. पहिल्या नावात अग्नी हा चेतन, कर्ता मानला आहे व दुसऱ्यात केवळ द्रव्य, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. ते आदिभाषेपुरते मोलाचे आहे. पण त्यावरून ग्रीकांना अग्नी निर्जीव वाटत होता असे म्हणू गेल्यास होमरच आडवा येतो. त्याच्या काव्यात मांस भाजावयाचा जाळ हा प्रत्यक्ष ‘हेफाइस्टॉस’ या देवाच्या नावानेच उल्लेखिलेला आढळतो. चुलीची देवता हेस्तिया तर घराघरांत होतीच. इकडे मराठीत अग्नी पुल्लिंगी, आग स्त्रीलिंगी व विस्तव पुन्हा पुल्लिंगी. या लिंगांवरून मराठी माणसाचे अग्नीविषयक तत्त्वज्ञान उभारण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग ग्रीकांच्या बाबतीत ते का करावे?

३

दुसरा आधार कथेचा. हेसिऑडच्या काव्यांत प्रॉमीथ्यूस बडीशेपेच्या जातीच्या एका वनस्पतीच्या पोकळ दांड्यात अग्नी लपवून मानवांकडे आणतो. ही कथा ग्रीकांची व म्हणून बंडाची परंपरा ग्रीकांची, असे मांडताना ऋग्वेदातील मातरिश्वन् विसरला जातो. तोही दूरस्थ अग्नी भृगूंकडे आणतो. आणि त्या आणण्याच्या वर्णनात ‘मथ्’ हा धातू येतो. जर्मन पंडित आडाल्बर्ट कून यांनी १८५९ साली प्रॉमीथ्यूस या नावाचा संबंध अग्निमंथनाच्या दांड्याशी, म्हणजे ‘प्रमंथ’ या शब्दाशी जोडला. ती व्युत्पत्ती त्या रूपात आज स्वीकारली जात नाही. परंतु १९६० साली योहाना नार्टेन यांनी वैदिक भाषेत घुसळण्याचा ‘मन्थ्’ व हिसकावून नेण्याचा ‘मथ्’ हे दोन निराळे धातू आहेत असे दाखविले, आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. मातरिश्वनाचा ‘मथ्’ हा दुसरा असेल, तर अग्नी हिसकावून आणल्याची कथा वैदिकांनाही परकी नव्हती. प्रॉमीथ्यूस या नावाविषयी मतभेद राहोत. चोरलेला अग्नी ही केवळ ग्रीकांची मिरास नव्हे एवढे निश्चित. सूत्राचा दुसरा खांबही अशा रीतीने डळमळतो.

४

मग अर्थ शोधावयाचा कोठे? नामे सोडून क्रियापदांकडे वळावे, असे भाषेचाच व्यवहार सुचवितो. मराठीत ज्योत तेवते, ज्वाळा भडकते, चूल पेटते, आग लागते. ज्योत मालवते, आग विझते. ‘ज्योत भडकली’ किंवा ‘आग तेवत होती’ हे प्रयोग मराठी कानाला लगेच खटकतात. विस्तवाचे द्रव्य एकच, पण माणसाचा त्याच्याशी असलेला संबंध क्रियापदागणिक पालटतो. चितेला ‘अग्नी देतात’ आणि शेजाऱ्याच्या घराला ‘आग लावतात’. पहिले पुत्राचे कर्तव्य, दुसरे वैऱ्याचे कृत्य. इतकेच काय, नामाचे वचन बदलले तरी भाव उलटतो. सायंकाळी दिवा लावणे हे पुण्यकर्म; पण ‘चिरंजीवांनी काय दिवे लावले!’ या उद्गारात उपहासावाचून दुसरे काही नाही. कुलदीपक हा गौरव आणि ‘दिवटा’ ही हेटाळणी. दोन्ही शब्द उजेडाचेच.

या क्रियापदांत ‘लावणे’ हे विशेष विचारणीय आहे. दिवा लावणे, गंध लावणे, हात लावणे, रोप लावणे, दार लावणे या सर्वांत एक वस्तू दुसरीला भिडविण्याची क्रिया समान आहे. ‘लागणे’ हे त्याचे अकर्मक जोडीदार रूप. दिवा लागतो म्हणजे कोठून तरी आलेला विस्तव वातीला टेकतो. आता ग्रीक ‘हाप्तेइन’ पाहावे. या क्रियापदाचे अर्थ जोडणे, बांधणे आणि पेटविणे असे आहेत. त्याच्याच आत्मनेपदी रूपाचा अर्थ स्पर्श करणे. मराठीच्या लावणे-लागणे या जोडीशी हे साम्य इतके जवळचे आहे की अनुवादक सहसा ते बोलूनही दाखवीत नाही. हिराक्लायटसने रात्रीच्या अंधारात दिवा लावणाऱ्या माणसाविषयीच्या आपल्या एका वचनात याच दुहेरी अर्थावर श्लेष साधला आहे. मराठीत तो श्लेष सहज उतरतो. इंग्रजीत तो तसा उतरत नाही.

याच क्रियापदाचे नाम ‘हाफे’. हेरोडोटसच्या सातव्या ग्रंथात, इ.स.पू. ४८० मधील थर्मापिलीच्या लढाईच्या वृत्तांतात, इराणी तुकडी डोंगरातील आडवाटेने निघाली ती वेळ सांगताना लुख्नॉस व हाफे हे दोन शब्द जोडून आले आहेत. त्यांचे शब्दश: भाषांतर करू गेल्यास ‘दिव्यांची लागण’ असे होते, आणि मराठीत त्या वेळेला ‘दिवेलागण’ असेच म्हणतात. घड्याळाच्या अभावी दोन्ही समाजांनी संध्याकाळ दिव्यावरून मोजावी हे स्वाभाविक आहे. पण ती मोजताना दोघांनीही स्पर्शवाचक शब्दच निवडावा, हे अधिक अर्थपूर्ण आहे. त्या वेळेचे पठणही दोन्हीकडे आहे. इकडे ‘शुभं करोति’, तिकडे ग्रीक ख्रिस्ती परंपरेतील ‘फोस हिलारॉन’ हे दीपवेळेचे स्तोत्र, जे चौथ्या शतकातील संत बेसिलच्या काळीच पुरातन समजले जात होते.

साम्य येथेही थांबत नाही. मराठीत ‘लागण’ दिव्यांची होते तशी रोगाचीही होते. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, लेवीय ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात, त्वचारोगाच्या बाधेसाठी ‘हाफे’ हाच शब्द योजिला आहे. तेथे तो आघात व स्पर्श सुचविणाऱ्या हिब्रू शब्दाचा प्रतिशब्द म्हणून आला असल्याने हा अर्थविस्तार निव्वळ ग्रीक आहे असे म्हणता येत नाही. शिवाय मराठी व ग्रीक यांच्यात येथे उसनवारीचाही प्रश्न नाही. हा स्वतंत्र पण समांतर विकास आहे. त्यामुळेच तो महत्त्वाचा. ज्या गोष्टी स्पर्शाने पसरतात त्यांत ज्योत व व्याधी या दोन्ही येतात, आणि स्पर्श हा कधीच निरपवाद शुभ नसतो, हे दोन्ही भाषांनी आपापल्या परीने नोंदविले आहे.

५

ज्योतीचा अर्थ स्पर्शात आहे असे मानले, की तिचा विपरीत अर्थ अंधारात राहत नाही. तो स्पर्शाच्या नकारात येतो. हेरोडोटसच्या त्याच ग्रंथात, थोड्याच प्रकरणांनंतर, अरिस्टोडेमस नावाच्या स्पार्टन सैनिकाची हकीकत आहे. थर्मापिलीच्या वेळी तो नेत्रविकाराने आजारी होता. त्याच विकाराने पीडलेला त्याचा सोबती रणात जाऊन मेला. अरिस्टोडेमस जिवंत परतला. स्पार्टात त्याला शिक्षा मिळाली ती अशी की कोणीही त्याच्याशी बोलेना व कोणीही त्याला विस्तव देईना. या ठिकाणचे क्रियापद ‘हाप्तेइन’ नसून निराळे आहे हे खरे. पण व्यवहार तोच, एकाच्या विस्तवावर दुसऱ्याचा विस्तव चेतविण्याचा. पुढे प्लॅटीआच्या रणात तो पराकाष्ठेचे लढून मेला, तरी स्पार्टनांनी त्याला इतरांसारखा सन्मान दिला नाही. रोमन कायद्यात हद्दपारीचे नावच ‘पाणी व अग्नी यांची बंदी’ असे होते.

मराठी वाचकाला या हकीकतीसाठी टीप लागत नाही. ‘त्या दोन घरांत विस्तव जात नाही’ हा वाक्प्रचार त्याच्या रोजच्या बोलण्यातला आहे. आगपेटी घरोघर येण्यापूर्वी सकाळी शेजारच्या चुलीतून निखारा आणण्याची रीत होती; ती मोडणे म्हणजे संबंध मोडणे. रीत गेली, वाक्प्रचार उरला. आणि तो केवळ भांडखोर शेजाऱ्यांचा वाक्प्रचार नव्हे. वाळीत टाकलेल्या कुटुंबाला विस्तव, पाणी व बोलणे या तिन्हींस मुकावे लागे. ही प्रथा इतिहासजमा झालेली नाही, म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून अमलात आला. कोणाच्या चुलीतला विस्तव कोणाच्या चुलीत जाऊ शकतो, या प्रश्नात जातिव्यवस्थेचा सारा नकाशा सामावलेला आहे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. दिव्याने दिवा लावू नये असा समज महाराष्ट्रातील काही घरांत आहे. मग ज्योतीचा अर्थ स्पर्शात कसा? परंतु निषेध त्याच क्रियेचा होतो जिच्यात सामर्थ्य आहे असे मानलेले असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘प्राणज्योत मालवली’ या प्रयोगात ज्योत एकटी आहे. तेथे स्पर्श नाही. ग्रीक कथेतही मेलेआगरचे आयुष्य एका जळत्या लाकडाशी बांधलेले असते व ते लाकूड जळून संपताच तो मरतो. ज्योत म्हणजे आयुष्य ही कल्पना स्वतंत्र आहे हे मान्य केलेच पाहिजे. मात्र मृत्यूनंतर त्या जागी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवण्याची जी चाल आहे, तिच्यात मालवलेल्या ज्योतीचा संबंध पुन्हा एका लावलेल्या ज्योतीशी जोडला जातो, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

६

नकाराइतकेच हस्तांतरही बोलके आहे. अथेन्समध्ये अकादमीतील प्रॉमीथ्यूसच्या वेदीपासून नगरापर्यंत जळत्या मशाली घेऊन धावण्याची शर्यत होत असे. ज्याची मशाल विझे तो हरे, असे पौसानिअस सांगतो. एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती जीवन सोपवावे याला प्लेटोने ‘नियम’ या संवादात मशालीच्या या हस्तांतराची उपमा दिली आहे. प्राचीन ऑलिंपिक स्पर्धांशी मात्र या शर्यतीचा संबंध नव्हता. आधुनिक ऑलिंपिकमध्ये ज्योत १९२८ साली ॲम्स्टरडॅमला आली आणि ऑलिंपियाहून धावत ती नेण्याचा प्रघात १९३६ साली बर्लिनला पडला. महाराष्ट्रात शिवजयंतीला किल्ल्यावरून व नवरात्रात तुळजापुराहून तरुण मंडळी ज्योत घेऊन गावापर्यंत धावत येतात. या चालीचे ग्रीक शर्यतीशी नाते जोडण्याचे कारण नाही. लक्षणीय आहे ते हे की हातात दिसते मशाल, पण मराठी माणूस ‘मशाल आणली’ न म्हणता ‘ज्योत आणली’ म्हणतो. मशाल हे साधन. आणली जाते ती तेथली ज्योत, म्हणजे त्या स्थळाचा स्पर्श.

दोन परंपरांच्या ज्योती एकाच मराठी भूमीवर शेजारी शेजारी पाहावयाच्या असतील, तर वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावरील मीरा-भाईंदरकडे पाहावे. १५३४ च्या तहाने वसईचा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला व १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. या दोन शतकांनी उत्तन, डोंगरी या गावांत मराठीभाषक ख्रिस्ती समाज मागे ठेवला. २००२ साली महानगरपालिका झालेल्या या परिसरात आज गुजराती, मारवाडी व हिंदी बोलणारी वस्तीही मोठी आहे. राई, मुर्धे या गावांतील आगरी घरांत दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लागतो. आणि कॅथलिक विधीनुसार ईस्टरच्या रात्री चर्चबाहेर नवा अग्नी चेतवून त्यावर मोठी मेणबत्ती व तिच्यावरून क्रमाक्रमाने प्रत्येकाच्या हातातली मेणबत्ती लावली जाते. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हीच ज्योत लोक मध्यरात्री जपून घरी नेतात. ‘मेणबत्ती’तील ‘बत्ती’ व समईतील ‘वात’ ही एकाच ‘वर्ति’ची लेकरे; आणि क्रियापद दोहोंकडे ‘लावणे’च. धर्म दोन, द्रव्ये दोन, पण कृती एक : जवळच्याकडून घ्यावे व पुढच्याला द्यावे.

७

या विवेचनाचा वाङ्मयीन अभ्यासाला उपयोग काय, हे एका परिचित शब्दाच्या आधारे पाहता येईल. सावित्रीबाई फुले यांना ‘क्रांतिज्योती’ म्हटले जाते. आरंभीच्या सूत्राप्रमाणे हा शब्द अंतर्विरोधी ठरावयास हवा. क्रांती बंडाची, म्हणून तिला ज्वाळा शोभावी. ज्योत उपासनेची, म्हणून तिला शांतीच शोभावी. परंतु मराठी कानाला त्यात विरोध जाणवत नाही, आणि त्याचे कारण आता स्पष्ट होते. १८४८ मध्ये पुण्यात मुलींसाठी शाळा काढणे म्हणजे जेथे विस्तव जात नव्हता तेथे तो पोचविणे होते. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. रोमन कायद्याने जोडीने उच्चारलेल्या पाणी व अग्नी या दोन नकारांपैकी दुसऱ्याचेही ते निराकरण होते. आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना त्याच रोगाची लागण होऊन मृत्यू आला. लागण या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका चरित्रात भेटतात. स्पर्शाचा धोका पत्करल्यावाचून स्पर्शाचा प्रकाश देता येत नाही, असा तो शब्द वाचावयास हवा. याउलट २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे झाले ते मनुस्मृतीचे ‘दहन’. तेथे ज्योत लावावयाची नव्हती, जाळावयाचे होते. आणि भाषेने क्रियापद अचूक निवडले.

अनुवादकालाही यातून काही सुचते. ग्रीक शोकांतिकांतील प्रत्येक ‘फ्लॉक्स’ला ‘ज्योत’ म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. घर जाळणारी, चिता पेटविणारी, प्रहरीला दुरून दिसणारी आणि वेदीवर तेवणारी शिखा मराठीत एका नावाने वावरत नाही. कोणते नाव योजावे हे कोश सांगणार नाही. त्या शिखेचे तेथे काय केले जात आहे हे पाहूनच ते ठरवावे लागेल. समीक्षकाची जबाबदारीही तीच. ज्योत कशाचे प्रतीक आहे हा प्रश्न अपुरा आहे. ती कोणी लावली, कोणाच्या विस्तवावर लावली, आणि कोणाला ती नाकारली गेली, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर मिळत नाही. ग्रीक व मराठी या दोन भाषा ज्योतीविषयी जे सर्वांत मोलाचे सांगतात ते त्यांच्या पुराणकथांत जितके आहे, त्याहून अधिक ‘दिवेलागण’ या रोजच्या एका शब्दात आहे.